तीन बोटं डावीकडे

परवा माधव नगरात गराडूच्या गाडीपाशी मी एका अनोळखी माणसाच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

माणूस पाठमोरा उभा होता. कानाला मफलर, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला, आणि द्रोण छातीशी धरून, जगाकडे पाठ करून खायची ती रीत. मी म्हणालो, "क्या मांगीलालजी, अकेले अकेले?" द्रोणातली गरम फोड उडाली आणि त्याच्या स्वेटरच्या बाहीवर जाऊन बसली. माणूस वळला. फार तर पंचेचाळीसचा असेल. म्हणजे मांगीलालजी मला शेवटचे भेटले तेव्हा जेवढे होते, तेवढाच. मधली वीस वर्षं माझ्या केसांवरून, गुडघ्यांवरून आणि पँटच्या कमरेवरून गेली ती मला रोज दिसतात, पण मांगीलालजींच्या अंगावरूनही ती गेली असतील हे काही माझ्या लक्षात राहत नाही.

"भाईसाब, मैं तो देवास का हूँ," तो म्हणाला, जणू देवासच्या माणसाला थाप मारायला सरकारी बंदी आहे. मी त्याला दुसरा द्रोण घेऊन दिला. त्यानं तो खाल्ला, पण माझ्यावर नजर ठेवून.

ज्यांनी गराडू खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो एक कंद आहे. त्याच्या फोडी तळायच्या, वर आंबट-तिखट मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं आणि जीभ भाजेल अशा घाईनं खायचं. आमच्या माळव्यात तो थंडीतच मिळतो. दसरा झाला की कढया मांडल्या जातात. कढईतून पहिला वास आला की माझी बायको सुमन ट्रंकेतले स्वेटर उन्हात टाकते, आणि मला ती एक थंडी आठवते. थंड्या तशा पुष्कळ आल्या नि गेल्या, पण इतर थंड्यांत मला फक्त सर्दी झाली.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात केबल आलं आणि गिरणीचा भोंगा गेला.

भोंगा गेल्याचं दुःख मी तरी आधी स्वतःपुरतंच केलं. सिंचाईच्या ऑफिसात मी कारकून होतो आणि माझं घड्याळ म्हणजे तो भोंगा. दुसरा भोंगा झाला की चहाचा कप खाली ठेवायचा आणि सायकल काढायची. गिरणी बंद पडल्यावर पहिला आठवडाभर मी ऑफिसला उशिरा पोचलो, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा देशाच्या नव्या आर्थिक धोरणाकडे बोट दाखवलं. त्यांनी रजिस्टरात लाल शाईनं आपलं धोरण लिहिलं.

केबलनं मात्र माझा रविवार नेला. त्याआधी रविवारी सकाळी आमच्या छतावर सात-आठ जण जमायचे. (पुण्याचे नातेवाईक छताला गच्ची म्हणतात. आम्ही इतकी वर्षं उज्जैनात काढल्यावर छतच म्हणतो.) माझ्याकडे एक जुनी एअर रायफल होती, छर्ऱ्याची. तिला लायसन लागत नाही आणि तिच्यापासून कबुतरांनाही फारसं भय नाही. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला रेतीची पोती लावायची, त्यांवर जुन्या लग्नपत्रिका टाचायच्या, पत्रिकेमागे वाटी ठेवून गोल काढायचा आणि प्रत्येकानं पाच-पाच छर्रे मारायचे. खाली पोहे वाफवत असायचे. नेम कुणाचाच लागायचा नाही आणि त्याबद्दल सगळे मोठ्यानं बोलायचे. मग घरोघरी ती काळी तार आली. एकेक जण जिन्यावर दिसेनासा झाला. वर उभं राहिलं की चारी बाजूंच्या खिडक्यांतून एकच गाणं ऐकू यायचं आणि माणूस एकही दिसायचा नाही.

मांगीलालजी तेवढे येत राहिले. दोन गल्ल्या सोडून राहायचे. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं फिटर. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी उज्जैनातच, देवास गेट नावाच्या नाक्यापाशी, पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना खराद टाकला होता. लेथ म्हणतात तो. दिवसभर त्याच्याशेजारी स्टुलावर बसून कामाची वाट बघायचे. बोलणं कमी. आमच्याकडे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे, ऊन पाठीवर घेऊन. मी बोलायचो. मला ऐकणारा एक माणूस पुरतो हे मला तेव्हाच कळलं, आणि एकही नसला तर काय होतं हेही त्याच थंडीत कळलं.

आता दुर्बिणीकडे येतो. एका मासिकात जाहिरात होती: दिल्लीचं दुकान, इम्पोर्टेड माल, एअर रायफलसाठी दुर्बीण, टपालानं घरपोच. त्या दिवसांत इम्पोर्टेड हा शब्द नुसता वाचला तरी माणूस जरा ताठ बसायचा. मी सुमनला न सांगता मागवली आणि पोस्टमनसमोर सुमनला सांगितली. खोक्यातून निघालेली वस्तू देखणी होती, पण तिची पकड आमच्या बंदुकीच्या पाठीवरच्या खाचेत बसेना. कुठे सैल, कुठे घट्ट.

मांगीलालजींनी दोन्ही वस्तू हातात घेतल्या. उलट्या केल्या. म्हणाले, "भिया, ये दोनों अलग-अलग मुल्क के हैं. बीच में दुभाषिया लगेगा."

तो दुभाषी म्हणजे एक पोलादी पट्टी, बोटाएवढी लांब. खाली बंदुकीच्या खाचेत बसणारी, वर दुर्बिणीला धरणारी. ती त्यांनी थोडी खरादावर आणि बाकी सगळी आमच्या छतावर, कानशीनं, तीन रविवार घासून केली. सुमनच्या डबीतलं काजळ पट्टीच्या अंगाला बोटानं लावायचे, पट्टी खाचेत सरकवायचे, काढायचे आणि काजळ कुठे पुसलं गेलं ते बघायचे. जिथे पुसलं तिथे घासत होती. मग कानशीचे दोन हात. पुन्हा काजळ. मी म्हणायचो, "हो गया, बस." ते म्हणायचे, "आपका हो गया, इसका नहीं हुआ." शेवटी त्यांनी नळीच्या तोंडापासून दस्त्यापर्यंत, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडापर्यंत, पांढरा दोरा ताणला. दोरा पट्टीच्या मधोमध गेला. चारही पेच, म्हणजे स्क्रू, आवळले आणि प्रत्येक पेचावर वितळलेल्या लाल लाखेचा एकेक ठिपका ठेवला.

"ये किसलिए?" मी विचारलं.

"आदत है भिया. मिल की."

आणि मग दसरा आला.

आमच्या घराण्याबद्दल इथे दोन शब्द सांगणं भाग आहे. आमचे पूर्वज इथल्या मराठी दरबाराच्या दफ्तरात आले ते बोरू घेऊन, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही बोरूपेक्षा जड काही उचललेलं नाही. तरी दसऱ्याची शस्त्रपूजा मात्र आमच्यात किल्लेदाराच्या थाटात होते. पाटावर विळी, अडकित्ता, सुमनची शिवणाची कात्री, माझं पेन, आणि या सगळ्या फौजेत शस्त्र म्हणता येईल अशी एकुलती एक ती छर्ऱ्याची बंदूक. त्या वर्षी तर तिला इम्पोर्टेड दुर्बीण. मला भरून आलं. वाटलं, अख्ख्या बंदुकीला एक बोट कुंकू हा अन्याय आहे, प्रत्येक भागाची वेगळी पूजा व्हायला हवी. मी चाकूनं लाख खरवडली, पेच काढले आणि नळी, दस्ता, दुर्बीण, पट्टी, चारही पेच असं सगळं पाटावर ओळीनं मांडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू वाहिले, अक्षता तर मुठीनं टाकल्या. सुमन म्हणाली, "अहो, दुर्बिणीच्या डोळ्यात गेलं कुंकू." मी म्हणालो, "शुभ असतं." संध्याकाळी सगळं फडक्यानं पुसून मीच पुन्हा जोडलं. पेच पिळले. वा, म्हटलं, आपल्यालाही येतं की.

पुढच्या रविवारी पाहुणे होते. आमच्या साहेबांचे साडू देवासला पंपाचा कारखाना चालवायचे आणि पंपाचे बारीक भाग बाहेरून करून घ्यायला त्यांना कुणी हातचा माणूस हवा होता. मीच साहेबांच्या मागे लागून मांगीलालजींचं नाव घातलं होतं. कायमचं काम मिळालं असतं, पत्र्याच्या शेडमधला तो खराद चालू राहिला असता. साडूसाहेब महाकालच्या दर्शनाला येणार होते, तेव्हा घरी या, मी म्हटलं होतं, मांगीलालजींच्या हाताचं काम दाखवतो. पट्टी बघा, बाकी काही विचारायची गरज पडणार नाही.

मांगीलालजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पायरीवर बसले नाहीत. उभे राहिले.

साडूसाहेबांनी पट्टीवरून बोट फिरवलं, "वा, सफाई अच्छी है," म्हणाले आणि बंदूक खांद्याला लावली. पाच छर्रे मारले. पाचही गोलाच्या बाहेर, एकमेकांना चिकटून, तीन बोटं डावीकडे. साहेबांनी मारले, तीन बोटं डावीकडे. मी मारले, आणि माझा नेम जन्मात कधी इतका एका जागी लागला नव्हता: तीन बोटं डावीकडे. दुर्बिणीला डावं-उजवं करायची एक टोपी होती, ती मी शेवटपर्यंत फिरवली. छर्रे जागचे हलले म्हणावे तर बोटभर.

"निशाना हम तीनों का खराब है या बंदूक का?" साडूसाहेब हसत म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि बघणारे असले की मला विनोद सुचतो, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, "बंदूक पुरानी है साब, नई तो सिर्फ पट्टी है. क्यों मांगीलालजी, मिल के साथ हाथ भी बंद हो गया क्या?"

साहेब हसले. साडूसाहेब हसले. मीही हसलो, सर्वांत मोठ्यानं.

मांगीलालजींनी माझ्या हातातून बंदूक घेतली, उन्हाकडे धरली, पट्टीजवळ डोळा नेऊन थोडा वेळ बघितलं. पेचांवरून अंगठा फिरवला. मग बंदूक पोत्याला टेकवून ठेवली.

"हो जाता है, साब," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी पट्टी उघडली होती, हे त्या क्षणी मला आठवलंच नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. आता लिहायलाच बसलोय तर नीट लिहितो. आठवलं होतं. विनोद तोंडातून बाहेर पडला आणि पाठोपाठ आठवलं. सांगायला भरपूर वेळ होता, साडूसाहेबांनी तर दुसरा चहा घेतला. पण "मी दसऱ्याला बंदूक सोडवून तिला कुंकू लावलं" हे वाक्य पंपाच्या कारखानदारासमोर कसं म्हणायचं? हसले असते. मघाशी मी दुसऱ्यावर हसायला लावलं होतं, तेच माझ्यावर हसले असते. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी प्रयत्न केला आहे, सापडलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग मी एकटाच छतावर बसून ती बंदूक सरळ करायला लागलो. ऊन कोवळं, हवा कोरडी, खाली कुठेतरी कुणी आवळ्याच्या फोडी वाळत घातलेल्या, आणि मी मांडीवर बंदूक घेऊन बसलेला. दुर्बीण आणि पट्टी यांच्यामध्ये मी काय काय सारलं! कॅमेऱ्याच्या रिळाचा तुकडा. दाढीचं अर्धं ब्लेड. मेव्हण्यानं मुंबईहून आणलेल्या कोल्ड ड्रिंकच्या डब्याचा कात्रीनं कापलेला पत्रा, याच्यावर माझा फार विश्वास होता. प्रत्येक उपायानं छर्रे इकडे-तिकडे व्हायचे, कधी वर, कधी खाली, एकदा तर टाकीवर. सुमन जिन्यातून विचारायची, "अहो, पट्टीच काढून बघा ना एकदा." मी म्हणायचो, "पट्टीला हात लावायचा नाही, कारागिराचं काम आहे." आदरानं म्हणतोय असं वाटायचं ऐकणाऱ्याला. पट्टी काढली तर कळेल, याची भीती होती. म्हणून पट्टी सोडून सगळं काढत होतो.

देवास गेटला रोज ऑफिसला जाताना त्यांच्या शेडवरून जावं लागायचं. मी रस्ता बदलला. नवा रस्ता लांबचा होता आणि त्या रस्त्यावर माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. थंडी वाढत गेली. संध्याकाळी गराडूच्या गाडीवर मी एकटा उभा राहायचो, आणि मला समजलं की गराडू एकट्यानं खाल्ला की फार लवकर संपतो.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. सुमन भाजी घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "मांगीलालजी खराद विकतायत म्हणे. सूरतला चाललेत, कुणाच्या तरी कारखान्यात नोकरीला."

मी जिना चढलो. चारही पेच काढले. पट्टी सरकवली.

खाचेत मागच्या बाजूला, उजव्या भिंतीला चिकटून, तांदळाचा एक दाणा होता. कुंकवात माखलेला, दाबून चपटा झालेला, वाळून दगड. दाण्याच्या जाडीएवढी पट्टी मागे डावीकडे ढकलली गेली होती. इथे एका दाण्याएवढी, समोरच्या पत्रिकेवर तीन बोटं.

नखानं काढला. खाच पुसली, मधे सारलेलं सगळं काढून टाकलं, दुर्बिणीची टोपी मूळच्या खुणेवर आणली. पट्टी बसवली, ती आत जाताना काही आवाज न करता गेली, जशी पहिल्या दिवशी गेली होती. पाच छर्रे मारले. पाचही वाटीच्या गोलात, मधोमध, एकाच भोकातून गेल्यासारखे. एवढं चांगलं मी आयुष्यात कधी मारलं नव्हतं, आणि छतावर बघायला कुणी नव्हतं. तरी मी एकदा वळून पायरीकडे बघितलं.

दाणा काड्यापेटीत घालून मी सायकल हाणली. शेडसमोर टेम्पो उभा होता. चार माणसं दोर लावून खराद चढवत होती आणि मांगीलालजी "संभाल के, संभाल के, बेड पे मत पकड़ो" असं त्यांना सांगत होते. मला बघून म्हणाले, "आओ भिया. उधर से धक्का दो जरा." मी धक्का दिला. खराद चढला. मग मी काड्यापेटी उघडून पुढे केली.

त्यांनी दाणा तळहातावर घेतला. उलटा केला. "चावल?"

"दशहरे की पूजा. मैंने खोली थी."

"मालूम है," ते म्हणाले. "उसी दिन देखा. लाख टूटी हुई थी, चारों पेंच की. मिल में इसीलिए तो लगाते थे, किसने छेड़ा, एक नजर में पता चले."

मला एकदम राग आला. खोटं वाटेल, पण त्यांचाच आला. "तो बोले क्यों नहीं? वहीं के वहीं बोलना था!"

"आपकी छत पे?" ते म्हणाले. "आपके साब के सामने?" त्यांनी दोराची गाठ ओढून बघितली. "भाभीजी नाश्ता लेके ऊपर आ रही थीं. क्या बोलता."

"अभी चलिए देवास. मैं खुद बोलता हूँ उनको."

"मैं गया था. दिवाली के बाद. इंदौरवाला कोई लग गया है वहाँ." हे ते अशा आवाजात म्हणाले की जणू बस चुकली. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा उत्सुकतेनं, त्यांनी विचारलं, "अब कैसी मारती है?"

"सीधी. एकदम बीच में."

"पाँचों?"

"पाँचों."

"हाँ," ते म्हणाले. "वो तो मारेगी." आणि त्यांचा चेहरा उजळला, ज्याचं मला अजून काय करावं कळत नाही. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. खराद गिऱ्हाइकाकडे उतरवून ते तसेच स्टेशनवर जाणार होते; पुढे बसले, मफलर कानावर घेतला. "तेल डालते रहना, पर कम," म्हणाले, आणि टेम्पो गेला. सूरतचा पत्ता विचारायचा राहिला. नंतर कुणाकुणाकडे विचारला, कुणाकडे नव्हता.

घरी आलो तेव्हा सुमन ओसरीत उन्हाला बसून हिरवा हरभरा सोलत होती. मी समोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दाणा कसा निघाला, पाच छर्रे कसे लागले, खरादाला मी कसा धक्का दिला, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो. त्यांचा आवाजही काढून दाखवला. मला तो हुबेहूब येतो. खरादाला दिलेला धक्का तर उठून, खांबाला हात लावून करून दाखवला. सुमन घाटे सोलत राहिली. मी थांबलो तेव्हा तिनं मांडीवरची सालं झटकली.

"सगळं सांगितलंत," ती म्हणाली. "माफी मागितलीत का, तेवढं नाही सांगितलंत."